बोर्डीची वाडी आणि तिच्या आधीची माणसे

घोलवड स्थानकावर उतरून बोर्डीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या सुरू होतात. झाडे जुनी आणि घेरदार, फांद्या जमिनीला टेकत आलेल्या. मधूनच एखादा कौलारू बंगला लागतो आणि त्याच्या फाटकावर इराणी आडनाव दिसते. पलीकडे सुरूचे बन आणि समुद्र. सुट्टीला आलेल्या पाहुण्याने विचारले की हे सगळे उभे केले कोणी, तर उत्तर ठरलेले असते: इराण्यांनी. हे उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे कळायला दीडशे वर्षे मागे जावे लागते.

आधी इराणी आणि पारशी यांतला फरक पाहू. दोघेही जरथुश्त्री धर्माचे. पारशांचे पूर्वज हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी बोर्डीच्या उत्तरेला असलेल्या संजाणला आले. पुढे संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बहरोटच्या डोंगरातील लेण्यांत बारा वर्षे लपवून ठेवला, अशी त्यांची परंपरा सांगते. बोर्डीहून हा डोंगर दिसतो. ज्यांना आपण इराणी म्हणतो ते मात्र फार नंतर, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी, यझ्द आणि केरमान या प्रांतांतून आले.

ते का आले? काजार राजवटीत जरथुश्त्री रयतेला जिझिया द्यावा लागे. कपडे कोणते घालायचे आणि कोणासमोर जनावरावर बसायचे नाही, याचेही निर्बंध होते. त्यात १८७१-७२ चा मोठा दुष्काळ पडला. मुंबईच्या पारशांनी या धर्मबांधवांसाठी १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवले. त्यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला. कर गेला, तरी गरिबी आणि असुरक्षितता लगेच गेली नाही. माणसे निघतच राहिली.

या हकिकतीत एका घराण्याचा धागा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस केरमानहून पळून मुंबईला आलेल्या एका कुटुंबात गुलिस्तानबानू नावाची मुलगी होती. तिचे लग्न फ्रामजी भिकाजी पांडे यांच्याशी झाले. इराणमधील जरथुश्त्र्यांना मदत करणारी मंडळी उभी करण्यात तिचा मुलगा मेहेरवानजी पुढे होता. तिची मुलगी साकरबाई म्हणजे गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांची पत्नी. परळचे जनावरांचे इस्पितळ आजही तिच्या नावाने ओळखले जाते. दिनशा पेटिट पुढे त्याच मदत मंडळीचे अध्यक्ष झाले. एका निर्वासित मुलीच्या घरातून मुंबईतले हे सर्वांत वजनदार आधारस्थान तयार झाले. मागून येणाऱ्या इराण्याला या शहरात दार ठोठावायला एक घर होते.

नव्याने आलेला माणूस रिकाम्या हातांनी आलेला असे. कोणी पारशाच्या घरी नोकरी धरी, कोणी चहाच्या दुकानात राबे. १८६४ साली मुंबई-सुरत लोहमार्ग सुरू झाला होता आणि बोर्डी-घोलवड ज्यात येतात तो डहाणूचा किनारा त्यावरच होता. मुंबईच्या मानाने इथे जमीन स्वस्त होती, पाणी विहिरीत वर होते आणि माल रात्रीतून मुंबईच्या बाजारात पोचत होता. दुकानदारीतून गाठीला चार पैसे जमले की काहींनी इथे जमीन घेतली.

मग चिकू आला. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंग गम करीत. भारतातील चिकूची पद्धतशीर लागवड १८९८ मध्ये घोलवडला झाली, असे फळबागांवरची पुस्तके सांगतात. पहिली झाडे पेटिटांच्या वाडीत लागली, असे परिसरात सांगतात. इराणी बागायतदारांनी हे पीक उचलले, जोपासले आणि पसरवले. इथली कालीपत्ती जात नावाजली. जमिनीतल्या चुनखडीच्या अंशामुळे तिला वेगळी गोडी येते, आणि २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट भूभागाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण, मिळाले. या यशामागे या घराण्यांचे कसब आणि चिकाटी आहे, याबद्दल शंका घ्यायचे कारण नाही.

इथे चिकूची शेती कशी चालते ते नीट पाहायला हवे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यात आहे. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. खिरणी, म्हणजे रायण, हे आपल्याकडचे काटक झाड. त्याची मुळे खोल जातात आणि वर परदेशी फांदी वाढते. झाडे तीस-पस्तीस फुटांच्या अंतराने लावतात. पहिली काही वर्षे हाती काही येत नाही, भरघोस उत्पन्नाला आणखी वेळ लागतो, आणि मग झाड पिढ्यान्‌पिढ्या फळ देते. नाचणी-वरीचे पीक चार महिन्यांचे असते. चिकू लावणारा माणूस नातवाचा विचार करीत असतो. म्हणून त्याला दोन गोष्टी लागतात: मधली वर्षे निभावण्यापुरते भांडवल, आणि तीस वर्षांनीही ही जमीन आपलीच असेल असे सांगणारा कागद.

वाडी कागदावर उभी राहते. मग हा कागद कोणाच्या हातात कसा आला, हे विचारलेच पाहिजे.

ही जमीन मोकळी नव्हती. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली, कोकणा, धोडी, दुबळा हे समाज राहत होते. वारल्यांची शेती जंगलाशी जोडलेली होती. डोंगरउतारावर ते दळी करीत, म्हणजे झुडपे तोडून-जाळून नाचणी-वरी पेरीत आणि काही वर्षांनी जागा बदलीत. सखल भागात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा आणि फांद्या जाळून राब भाजीत. महुआची फुले हे त्यांचे अन्न होते आणि दारूही. अशा शेतीला कागद लागत नाही. कोणत्या पाड्याने कोणते रान वापरायचे हे माणसांना ठाऊक असते.

इंग्रजी अमलात एकामागून एक तीन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे सर्व्हे, जमिनीची मोजणी आणि आकारणी. प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळाला, त्याचा एक खातेदार ठरला आणि सारा रोकड भरायचा झाला. पीक आले काय न आले काय, सारा ठरलेला. ज्याच्याकडे नाणे नव्हते त्याला ते दुसऱ्याकडून आणावे लागले.

दुसरी गोष्ट जंगलाची. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलाची हद्द आखली गेली. दळी बंद होत गेली आणि राबासाठी फांद्या आणणे हा गुन्हा झाला. डहाणू तेव्हा ज्यात होते त्या ठाणे जिल्ह्यात यावरून एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन, म्हणजे चौकशी आयोग, नेमावा लागला. राबाचा प्रश्न त्या चौकशीत मध्यवर्ती होता.

तिसरी गोष्ट अबकारीची. त्याच १८७८ साली दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांकडे एकवटला, आणि १८९२ च्या महुआ कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत महुआची फुले गोळा करण्या-साठवण्यावरच बंधने घातली. स्वतःच्या झाडाच्या फुलांची दारू आता दुकानातून पैसे देऊन घ्यायची होती, आणि ठाणे जिल्ह्यातली बरीच दुकाने पारशांच्या हातात होती. काही इराणीही या धंद्यात आले.

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते पाहा. पावसाळ्याच्या तोंडाला घरातले धान्य संपते. सावकाराकडून खावटी, म्हणजे खाण्यापुरते धान्य, उचलावी लागते आणि सुगीला ते दीडपट-दुप्पट परत करावे लागते. काही वेळा रोप पानावर असतानाच पीक पडत्या भावात विकून टाकावे लागते. त्याला पालेमोड म्हणत. खळ्यावरून धान्य थेट सावकाराकडे जाते आणि पुढच्या आषाढात पुन्हा खावटी. दोन-चार अशी वर्षे गेली की कर्जापोटी जमीन लिहून दिली जाते. काल ज्याचे नाव खातेदार म्हणून होते तो आज त्याच जमिनीवर कूळ होतो, आणि खंड भरता आला नाही की मजूर. दरोडा पडत नाही, तलवार उपसली जात नाही. प्रत्येक व्यवहार कायदेशीर असतो आणि प्रत्येकावर अंगठा असतो.

जमीन घेणाऱ्यांत गुजराती, मारवाडी, ब्राह्मण, पारशी, इराणी असे सगळे होते. प्रत्येक इराणी कुटुंबाने सावकारी केली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनेकांनी बाजारभावाने, रोख पैसे मोजून जमिनी घेतल्या. पण त्या जमिनी बाजारात आल्या कशा, हा प्रश्न त्या रोख पैशाने मिटत नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या सरहद्दीवर वस्ती करणाऱ्या घराण्यांत डॅनियल बून यांच्या कुटुंबाचे नाव पहिल्या रांगेत घेतात. १७७५ साली त्यांनी डोंगराच्या खिंडीतून केंटकीकडे वाट पाडली. त्यासाठी ट्रान्सिल्वेनिया नावाच्या कंपनीने चेरोकी लोकांशी करार करून जमीन ‘विकत’ घेतली होती. त्याच रानात शिकार करणाऱ्या शॉनी लोकांना कोणी विचारले नव्हते. पुढे बून यांचे स्वतःचे दावेही सदोष नोंदींमुळे हातचे गेले आणि १७९९ मध्ये ते मिसुरीकडे निघून गेले. वाट त्यांनी पाडली आणि जमीन कागद जाणणाऱ्या वकिलांना, सट्टेवाल्यांना मिळाली. धाडस आणि कष्ट सरहद्दीवर माणसाला पोचवतात; तिथे टिकायचे की नाही हे नोंदवही ठरवते.

डहाणूत या कर्जाच्या फेऱ्याचे टोक वेठीच्या रूपात दिसले. मालकाच्या शेतावर, घरी, गाडीला बिनमजुरीने राबायचे ही रीत झाली. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली लग्नगडी होई: तो आणि त्याची बायको मालकाकडे बांधले जात, बहुधा आयुष्यभर. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांनी मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला आणि त्यात ही कर्जबांधणी नोंदवली. अहवालानंतरही वेठ चालूच राहिली.

ती थांबवली वारल्यांनी. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथून परतलेल्या वारल्यांनी किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांना आपल्या गावांत आणले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी, आता ते तलासरी तालुक्यात आहे, हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली. लग्नगडी सोडवले गेले. मग मजुरीचा प्रश्न आला: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. जेठ्या गांगड हे त्यांच्यातले एक. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. बोर्डीचा इतिहास सांगणाऱ्याने ते वाचलेले नसेल तर त्याच्या सांगण्यात मोठे भोक राहते, असे मला वाटते.

त्याच १९४५ साली बोर्डीत आणखी एक आरंभ झाला. ताराबाई मोडक यांनी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी पाड्यावर न्यायची ही कल्पना याच कामातून घडली, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्याआधी, १९२० पासून, बोर्डीत गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा होती. ती सुनाबाई पेस्तनजी हकिमजी या पारशी नावाने उभी आहे आणि आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी ती घडवली. म्हणजे एकाच गावात वाडीची मालकी, शाळेची देणगी आणि शेजारच्या पाड्यावरची वेठ एकाच काळात नांदत होती. यातले काहीही दुसऱ्याला खोटे पाडत नाही.

स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्या कुळाला मालक केले. भातखाचरांत याचा मोठा उपयोग झाला. अनेक वारल्यांना जमीन परत मिळाली. वाडीत मात्र तसे झाले नाही. वाडीत राबणारा कूळ नव्हता, तो रोजंदारीवरचा मजूर होता, आणि कुळाचा हक्क मजुराला लागू होत नाही. शिवाय फळबागेसाठी दिलेले पट्टे कायद्याच्या महत्त्वाच्या तरतुदींतून वगळलेले होते. त्यामुळे बांबूच्या टोकाला जाळी बांधून चिकू उतरवणारा हात तीन-चार पिढ्या तोच राहिला, आणि सातबारावरचे नावही तेच राहिले. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्याची सोय केली. तिचा लाभ घ्यायलाही आपली जमीन कधी गेली हे दाखवणारा कागद लागतो.

या टप्प्यावर गोष्ट वळण घेते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डहाणूला औष्णिक वीजकेंद्र येऊ घातले तेव्हा त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत नर्गिस इराणी आणि कितायून रुस्तम आघाडीवर होत्या. वीजकेंद्र झाले. पण २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि उद्योगांसाठी पाचशे एकरांची मर्यादा घातली गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवणला होऊ घातलेले बंदर १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने नाकारले. आज डहाणूत जी हिरवळ उरली आहे तिचे श्रेय या लढ्याला आहे, आणि तो लढा चालवण्यासाठी वाडीवाल्यांनी प्रयत्नांची शिकस्त केली.

पुढे २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणला परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. प्रकल्प सुमारे ७६ हजार कोटींचा आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी डहाणू-तलासरीतून जमीन गेली आहे, रुंद रस्ते येत आहेत. मच्छीमार, बागायतदार, वारली सगळ्यांनाच उठवले जाण्याची भीती आहे. बागायतदार म्हणतात, आमच्या चार पिढ्यांचे कष्ट या मातीत आहेत. ते खरे आहे. पण मातीत जिरलेल्या पिढ्या हा हक्काचा आधार असेल, तर तो पाड्यावरच्या माणसालाही लागू होतो, आणि त्याच्या पिढ्या अधिक आहेत.

आणि पुन्हा प्रश्न कागदावर येतो. भूसंपादनाची भरपाई सातबारा पाहून दिली जाते. वाडी गेली तर मालकाला पैसे मिळतात. त्या वाडीवर ज्याचे घर चालते त्याचे नाव कुठेच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल कसणाऱ्यांना दावा करण्याची वाट दिली, तरी वाडीतल्या मजुरासाठी ती वाट नाही. दीडशे वर्षांपूर्वी सर्व्हेने ज्यांना बाहेर ठेवले त्यांनाच आजची मोजणीही बाहेर ठेवते आहे. बाधितांच्या यादीत वाडीवर राबणाऱ्या कुटुंबांची स्वतंत्र नोंद व्हावी आणि त्यांच्या पुनर्वसनाची तरतूद मालकाच्या भरपाईहून वेगळी असावी, ही मागणी बागायतदारांनीच पुढे होऊन केली पाहिजे, असे माझे मत आहे. त्यांच्या शब्दाला वजन आहे. ते त्यांनी १९९१ आणि १९९६ मध्ये दाखवून दिले आहे.

बोर्डीच्या चिकू महोत्सवाला आलेल्या पाहुण्यांना वाडी दाखवतात, वारली चित्रे दाखवतात, इराणी घरांच्या गोष्टी सांगतात. यझ्दहून निघालेल्या पणजोबांची गोष्ट ऐकण्यासारखीच असते आणि ती टिकली पाहिजे. तिच्याबरोबर झरीचेही नाव सांगायला हवे. हे काम सरकारी फलकाची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. बोर्डीतल्या शाळेतील नववी-दहावीच्या मुलांनी वही घेऊन दोन्हीकडच्या घरांत जावे: एका घरी दस्तऐवज आणि जुने फोटो आहेत, दुसऱ्या घरी फक्त आठवण आहे. घाई आहे ती या दुसऱ्या घराची. झरीच्या सभेला बापाच्या खांद्यावर बसून गेलेले मूल आज ऐंशीच्या पुढे आहे.